लोमटेबाईंना ठाऊक नव्हतं

"हे कुलूप आतून लागतं की बाहेरून?" खालून लोमटेबाईंनी विचारलं.

टेबलावर स्टूल आणि स्टुलावर मी, अशी व्हरांड्याच्या छतापाशी पोचले होते. तिथे भिंतीला वायफायचा पांढरा डबा बसवलेला होता आणि त्याच्या पाठीमागची बारीक अक्षरं मला वाचायची होती. मी पडू नये म्हणून बाईंनी स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते.

"कसलं कुलूप, बाई?"

"तू आता लावणारेस ते. बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून आहे, की आतल्यांनी बाहेर जाऊ नये म्हणून?"

"बाहेरच्यांसाठी."

"मग लाव. पण आधी खाली उतर, चहा झालाय. माझ्या हातून साखर जास्त पडलीय, पण आता केलाय तर घे."

परभणीतल्या नर्मदाबाई कन्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर होत्या. पन्नाशीला टेकलेल्या, ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या. थंडीत साडीवर नवऱ्याचा जुना स्वेटर घालायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वेटर अजून धड आहे म्हणून घालते, असं त्या विचारणाऱ्याला सांगत. लोमटेबाई खोटं बोलत नाहीत, अशी सगळ्या गावात त्यांची ख्याती होती. त्यात तत्त्वाचा वगैरे भाग नव्हता, त्यांना ते जमतच नसे. मी चहा पीत होते तेवढ्यात त्यांना एक फोन आला. "नाही हो, कामात कसली, रिकामीच बसलेय," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या भिशीला मी येणार नाही. मला तिथं कंटाळा येतो." आणि फोन ठेवून त्यांनी शांतपणे चहा बशीत ओतला.

मी तेव्हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मामाच्या दुकानात लागले होते. दुकानात माझ्याहून जुनी, हुशार मुलं होती. पण या होस्टेलात ऑफिस आणि अंगण सोडून पुढे पुरुषाला प्रवेश नव्हता, म्हणून मामाने मला पाठवलं. "नयना, नीट कर गं," तो म्हणाला होता. "संस्था मोठी आहे. त्यांच्या सचिवांनी स्वतः फोन केलाय."

काम निघालं होतं ते सरोज मुळे नावाच्या मुलीमुळे. आदल्या आठवड्यात तिच्या खात्यावरून तिच्या सगळ्या ओळखीच्या लोकांना घाणेरडे संदेश गेले होते. काकांना, मामींना, कॉलेजच्या सरांनासुद्धा. तिने पासवर्ड कुणाला दिलेला नव्हता. रडून रडून पोरीला ताप भरला. होस्टेलचं वायफाय सुरुवातीपासून उघडं होतं, त्याला पासवर्डच नव्हता. कुंपणापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर एक टोळकं लॅपटॉप घेऊन बसलेलं असायचं, ते फुकटचं नेट वापरतात एवढंच सगळ्यांना वाटत होतं. पण उघड्या वायफायवरून जे जातं ते मैदानात मोठ्याने बोलल्यासारखं असतं. ज्याला ऐकायचंय त्याने तसला एक प्रोग्रॅम लॅपटॉपवर टाकला की झालं. मोबाइलवरचं नेट तेव्हा महाग पडायचं आणि होस्टेलच्या बहुतेक मुली या डब्यावरच अवलंबून होत्या.

"म्हणजे सरोजनं काही चूक केली नाही," बाई म्हणाल्या.

"नाही. चूक डब्याची."

"मग हे तू तिला सांग. मी सांगितलं तर तिला वाटतं, बाई समजूत घालतायत."

मी सरोजच्या खोलीत जाऊन तिला सांगितलं. ती पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझं बोलणं संपल्यावर तिने तोंड वळवलं आणि विचारलं, "नक्की ना?" नक्की, मी म्हणाले. परत आले तर बाई ऑफिसात माझी वाट बघत होत्या. टेबलावर माझा लॅपटॉप उघडाच होता. त्यांनी समोरची खुर्ची माझ्या शेजारी ओढून घेतली.

"आता मला सगळं समजावून सांग. घाई करू नकोस."

"कामं दोन आहेत, बाई. एक एन्क्रिप्शन. म्हणजे हवेतून जे जातं ते बाहेरच्याला नुसतं गिचमिड दिसलं पाहिजे. दुसरं ऑथेंटिकेशन. म्हणजे आत येणारी आपलीच मुलगी आहे ना, हे डब्याला ओळखता आलं पाहिजे."

"डबा कसा ओळखणार? मला ओळखायला पहिली टर्म जाते."

मी हसले. मग त्यांना दोन पद्धती सांगितल्या. पहिल्या पद्धतीत सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड. ज्याला तो ठाऊक, तो आत. दुसरीत प्रत्येक मुलीला तिचं वेगळं नाव आणि तिचा वेगळा पासवर्ड. त्यासाठी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम टाकावा लागतो आणि तो प्रत्येक नाव तपासून आत सोडतो. मला स्वतःला दुसरी पद्धत आवडायची. ती जास्त पक्की होती. एखादी मुलगी होस्टेल सोडून गेली तर तेवढंच नाव काढून टाकायचं. शिवाय मी ती नुकतीच शिकले होते आणि मला ती कुठेतरी करून बघायची होती.

"सचिवसाहेबांनीही दुसरीच सांगितलीय," मी म्हणाले.

"हो, मलाही फोनवर म्हणाले. बरं मला सांग, दुसऱ्या पद्धतीत कोणती मुलगी किती वाजता नेटवर बसली, हे कळतं?"

"मिनिटा-मिनिटाचं कळतं."

"कुठं गेली, तेही?"

"कोणत्या साइटवर गेली, तेवढं दिसतं. सांगितलं तर डबा नोंद ठेवतो."

"मला दिसेल?"

"दिसेल ना."

"दाखव. नेमकं कुठं दिसतं ते दाखव मला."

मी त्यांना पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लागेल इतकं वाकून बघितलं. मग लागोपाठ विचारायलाच लागल्या. ही नोंद किती दिवस राहते? पुसली तरी मागे काही उरतं का? पहिल्या पद्धतीत पण अशी नोंद असते का? मी म्हटलं, पहिल्यात नाव नसतं, पण प्रत्येक यंत्राचा एक नंबर असतो, तो दिसतो.

"नंबरावरून मुलगी शोधता येते?"

"चिकाटीनं बसलं तर येते."

"मला येईल?"

"मी शिकवलं तर तुम्हालाही येईल, बाई."

आता खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येऊ लागला होता. मी स्वतः होस्टेलमध्ये राहून शिकलेली. आमच्या रेक्टर मुलींची पत्रं उजेडात धरून बघायच्या. इतकं गोड बोलणारी ही बाईही शेवटी त्याच जातीची निघाली, असं मनात आलं. मी तुटकपणे विचारलं, "मग दुसरी पद्धत बसवू ना?"

"नको. पहिली बसव."

"पहिली?"

"आणि ती यंत्राच्या नंबरांची नोंद आहे ना, ती बंद कर. करता येते ना बंद?"

"येते. पण बाई, साहेबांनी..."

"साहेबांचं मी बघते. या डब्याचं आतलं पान उघडायलाही वेगळा पासवर्ड लागतो, म्हणालीस ना तू? तो तुझ्या मनानं ठेव आणि मला सांगू नकोस."

"तुम्हाला नको? उद्या काही बिघडलं तर?"

"बिघडलं तर तुला बोलवीन. दोन फर्लांगांवर तर दुकान आहे तुमचं."

मला काही उमजेना. एवढी खोदून खोदून चौकशी केली आणि शेवटी हिला काहीच नको? मशीनचं काम अंगावर घ्यायला घाबरली असेल, अशी मी समजूत करून घेतली आणि कामाला लागले. डब्ल्यूपीए-टू, म्हणजे एन्क्रिप्शनचं कुलूप, लावलं. एकीचं यंत्र दुसरीला दिसणार नाही, तीही व्यवस्था केली. नोंद बंद केली.

"आता मुलींचा पासवर्ड सांगा. लांबलचक पाहिजे. बाहेरच्याला सुचणार नाही, पण मुली विसरणार नाहीत, असा."

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "आजपण वांग्याचीच भाजी."

"काय?"

"रोज जेवणाची घंटा झाली की सगळ्या हेच म्हणतात. मी स्वयंपाकघरात असते तेव्हा हळू म्हणतात, एवढंच."

इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, मी ते टाइप केलं. पासवर्ड कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावू का, असं विचारताच बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन ठेवून दिलं. त्यांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि मुलींना रांगेत एकेक करून बोलावलं. मुलगी आली की तिच्या चेहऱ्याकडे नीट बघायचं, नाव घ्यायचं, मग तिला खाली वाकवून कानात सांगायचं. ऐकलं की मुलगी फिस्सकन हसायची आणि तोंडावर हात दाबून पळायची. रांगेतल्या बाकीच्यांना कळेना की पासवर्डात हसण्यासारखं काय आहे. सरोजही आली, शाल पांघरून. तिलाही हसू फुटलं. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली असेल.

थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "बाई, वांग्याचा व्ही की डब्ल्यू?"

"अगं गाढवे, हळू!" बाई म्हणाल्या. मग मला विचारलं, "कोणता गं?"

"व्ही."

त्या स्वतः जिना चढून सांगायला गेल्या.

त्यानंतर काही आठवडे गेले. ज्वारी हुरड्यावर आली होती. एक दिवस दुपारी मामाने मला हाक मारली. "सचिवसाहेबांचा फोन आहे. होस्टेलवर जा, लगेच. लॅपटॉप घेऊन जा." त्याचा चेहरा उतरला होता. "काय घोळ घातलायस गं तू तिथं?"

मी गेले तर बाईंच्या ऑफिसात तिघं बसलेले. बाई त्यांच्या खुर्चीत. समोर संस्थेचे सचिव रेंगेसाहेब, कडक इस्त्रीचे, घामाघूम झालेले. शेजारी पांढरा सदरा, डोक्याला टोपी, असे एक गृहस्थ. त्यांच्या पायाशी हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्यांची एक पिशवी होती. ते बापूराव गव्हाणे. मानवतकडच्या एका खेड्यातले. त्यांची मुलगी अर्चना शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि इथे राहत होती.

"ही बघा आली," साहेब म्हणाले. "हिनंच ते मशीन बसवलंय. काय गं, मी तुमच्या दुकानात काय सांगितलं होतं? प्रत्येकीचं वेगळं नाव, प्रत्येकीची नोंद. आता हे गव्हाणे आलेत. नोंद काढ आणि दाखव त्यांना."

"कशाची नोंद, साहेब?"

उत्तर बापूरावांनीच दिलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट बसलेला होता. "ताई, आमच्या पोरीची सोयरीक जमवायचं चाललंय. अन् भावकीतला एकजण म्हणतो, तुमची पोरगी नेटवर कुणा पोराशी बोलायलीय. रोज बोलायलीय. आता मला कळंना, खरं काय ते. खरं असंल तर मी तिला आजच घरी न्यायला आलोय."

"तिची परीक्षा महिन्यावर आलीय, बापूराव," बाई म्हणाल्या.

"परीक्षेचं काय करू, बाई? गावात तोंड दाखवायचं का न्हाई मी?"

दाराआड मला एक ओढणी दिसली. अर्चना उभी होती. मी तिला त्याआधी एकदाच पाहिलं होतं, रांगेत. उंच, सावळी, पासवर्ड ऐकून इतकी हसली होती की बाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला होता. आता ती दाराच्या चौकटीला नखाने कोरत होती.

"उघड गं," साहेब म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड एकदा चुकला, पुन्हा टाकला. डब्याचं आतलं पान उघडलं आणि मी लॅपटॉप त्या दोघांकडे वळवला. नोंदीच्या जागी कोरं पांढरं पान होतं. वरती एक बारीक ओळ, नोंद बंद आहे म्हणून.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"काही नाही, साहेब. म्हणजे, यात काहीच नाही."

"कुणी बंद केलं?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "मी करायला लावलं. तुम्ही वेगळं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

खोटं पकडायला साहेब तयार बसले होते, आणि इथे तर सरळ कबुली आली. बापूराव मात्र लॅपटॉपकडे बघतच नव्हते. ते बाईंकडे वळले.

"बाई, ते मशीनीचं राहू द्या. मला त्यातलं समजत न्हाई. तुम्ही सांगा. सगळं गाव म्हणतं, लोमटेबाई खोटं बोलत न्हाईत. माझी पोरगी कुणाशी बोलतीय का न्हाई, एवढं सांगा. तुम्ही म्हणाल ते मी ऐकीन."

मी बाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा होता की त्यावर काहीच लपत नसे. आनंद झाला की गाल वर यायचे, राग आला की नाक लाल व्हायचं. त्या चेहऱ्यावर आता काय उमटतंय हे आम्ही सगळेच बघत होतो. दाराआडची ओढणीही हलायची थांबली होती.

"मला ठाऊक नाही, बापूराव," बाई म्हणाल्या.

"खरंच?"

"खरंच ठाऊक नाही. बोलत असेल, नसेलही. मी कधी बघितलं नाही, मला कधी कुणी सांगितलं नाही, आणि बघायचं म्हटलं तरी मला बघता येत नाही. या मुलीला विचारा. ते पान उघडायचा पासवर्डसुद्धा माझ्याकडे नाही."

बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाईंच्या बोलण्यावर त्यांना शंका घेता येत नव्हती आणि ते ऐकून करायचं काय, तेही कळत नव्हतं. अशा वेळी साहेबांना जोर चढला.

"ठीक आहे. झालं ते झालं. पण आत्ताच्या आत्ता ती दुसरी पद्धत बसव. माझ्यासमोर. आजपासून प्रत्येकाची नोंद राहिली पाहिजे. गव्हाणे, पुढच्या आठवड्यात या, सगळं कागदावर काढून देतो तुम्हाला."

मामाचा उतरलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. बाई फक्त माझ्याकडे बघत होत्या. नको म्हणून खुणावतही नव्हत्या. मी प्रोग्रॅम उघडला, नवं नाव घालायचा रकाना समोर आला, आणि मग मला जे डोक्यात आलं ते मी तसंच बोलून गेले.

"बसवते, साहेब. पण डबा एकच आहे. समोरच्या संस्थेच्या कार्यालयाचं नेटही यावरूनच चालतं. म्हणजे तिथल्या सगळ्यांचीही नोंद राहील. कोण कधी बसलं, कुठं गेलं." मी थांबले. "पहिलं नाव तुमचंच घालू का? रेंगे, पुढं इनिशियल काय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी धमकी देते आहे की भाबडेपणाने विचारते आहे, हे त्यांना कळेना. मला स्वतःलाही ते नीट सांगता आलं नसतं. त्यांनी टेबलावरचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"कार्यालयाचं वगळता येत नाही?"

"वेगळा डबा घ्यावा लागेल, साहेब."

"हं." त्यांनी घड्याळ बघितलं. "मला कलेक्टर कचेरीत जायचंय. मुलींच्या परीक्षा होऊन जाऊ देत. मग बघू." आणि ते उठलेच.

ते गेल्यावर बापूराव म्हणाले, "मग मी घरी जाऊन काय सांगू, बाई?"

"बाईंना ठाऊक नव्हतं, असं सांगा."

"अन् भावकीला?"

"भावकीचं नंतर. तुम्हाला जाणून घ्यायचंय ना? मग तिला विचारा की. मला विचारता, साहेबांना विचारता, या डब्याला विचारता. पोरगी ती काय दाराआड उभी आहे. तिला कुणी विचारलंय का अजून?"

बापूरावांनी दाराकडे बघितलं. मग टोपी घातली, उठले, आणि दाराशी जाऊन म्हणाले, "चल गं, बाहेर बसू."

अंगणात लिंबाच्या झाडाला पार होता. बाप-लेक तिथे जाऊन बसले. ऑफिसच्या खिडकीतून ते दिसत होते, ऐकू मात्र काही येत नव्हतं. सुरुवातीला दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग अर्चना बोलायला लागली. हातवारे करत, अडखळत, मध्येच ओढणीने नाक पुसत. बापूराव एकदा ताडकन उठले. आता हिला ओढत नेणार, असं मला वाटलं. ते चार पावलं चालले, झाडाला हात लावून उभे राहिले आणि परत येऊन बसले. ती पुन्हा बोलत राहिली.

मी खिडकीपाशी सरकले तसं बाईंनी पडदा ओढला.

"बाई, मी काही ऐकत नव्हते."

"बघत होतीस. बस इकडे. हे हरभरे सोल माझ्याबरोबर."

बापूरावांनी आणलेली पिशवी त्यांनी टेबलावर मोकळी केली. मुलीला कॉलेजातून काढून न्यायला निघालेला माणूस बायकोने होस्टेलसाठी दिलेल्या डहाळ्या विसरला नव्हता. आम्ही सोलत बसलो. न राहवून मी विचारलं, "तुम्हाला खरंच काही ठाऊक नव्हतं?"

"मग काय खोटं सांगितलं मी?"

"पण तेव्हा तुम्ही इतकं खोदून विचारलंत, मला काय दिसेल, कुठं दिसेल. मला वाटलं..."

"वाटलंच असेल तुला. तुझं तोंड बघत होते मी." बाई हसल्या. हातातला घाटा त्यांनी फोडला, दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "अगं, कुणीतरी विचारायला येणार हे मला ठाऊकच होतं. कुणासाठी येईल ते ठाऊक नव्हतं. इथं रोज कुणाचा तरी भाऊ येतो, काका येतो. आणि मला विचारलं की माझ्या तोंडातून खरंच बाहेर पडतं. लहानपणापासून असंच आहे माझं. लपवायला गेले तर नाक लाल होतं. मग करायचं काय? जे मला ठाऊकच नाही ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. म्हणून तुझ्याकडून सगळं शिकून घेतलं. कुठं कुठं दिसतं ते कळल्याशिवाय ते बंद कसं करायला लावणार?"

मी ते दाणे तोंडात टाकले आणि पुढचा घाटा उचलला.

"तू मात्र आज चांगली थाप मारलीस साहेबांना," त्या म्हणाल्या.

"थाप नाही, बाई. खरंच एकच डबा आहे."

"आहे? मग फारच छान झालं."

उन्हं उतरायला लागली तेव्हा बापूराव आत आले. डोळे तांबारलेले होते. "येतो, बाई," ते म्हणाले. "परीक्षा झाली की न्यायला येईन." आणि जरा थांबून, "हरभरा गोड निघाला का?" बाई म्हणाल्या, "काही घाटे पोकळ निघाले. पण बाकी गोड आहे." बापूरावांना हसू आलं. त्यांनी रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि ते फाटकाबाहेर पडले. अर्चना त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेली. ती त्यांना काय म्हणाली होती, तो मुलगा होता की नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं नाही. बाईंनीही तिला विचारलं नाही.

ती परीक्षा पास झाली, एवढं पुढे मामाकडून कळलं. मी त्याच वर्षी पुण्याला गेले आणि आज हेच काम करते. मोठमोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कला कुलपं लावते. कुणी नोंदीचं काम घेऊन आलं की आधी विचारते, ही कोण बघणार आहे?

मध्ये बरीच वर्षं गेली. लोमटेबाई निवृत्त झाल्या तेव्हा जुन्या मुलींनी परभणीत त्यांचा कार्यक्रम केला आणि मलाही बोलावलं. सरोज भेटली, आता ती शाळेत शिकवते. अर्चना आली होती, कृषी खात्याच्या जीपमधून. बरोबर नवरा होता, हसरा, जरा लाजाळू. नवऱ्याच्या कडेवर मुलगी. तो तोच की दुसराच, असा प्रश्न मला पडला आणि मी तो मनातच ठेवला. बाईंचं भाषण फार छोटं झालं. "तुम्ही सगळ्या माझ्याविषयी जे बोललात त्यातलं निम्मं खरं नाही," त्या म्हणाल्या, "पण ऐकायला बरं वाटलं." टाळ्या थांबेनात.

जेवणं आटोपल्यावर कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. बापूराव होते. खूप थकलेले, पण टोपी तशीच पांढरीशुभ्र. त्यांनी मला मंडपाच्या कडेला नेलं, इकडेतिकडे बघितलं आणि सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला.

"पोरी, तू कुलपाचं काम करतीस ना? याला एक लावून दे. घरात जो तो माझा फोन उचलतो अन् बघत बसतो. नातू बघतो, सून बघती, आता म्हातारीपण बघायला शिकली."

"काय आहे काका त्यात एवढं?"

"ते न्हाई सांगायचं."

मी सेटिंग उघडून दिलं. "आता इथं चार आकडे टाका. तुम्हाला आठवतील असे. कोणते टाकू?"

त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, छातीशी धरला आणि म्हणाले, "तोंड तिकडं कर."

मी तोंड फिरवलं.